सातव्या जन्माची चौकशी

"थांबा! कोणी दोरा गुंडाळू नोका! आधी सांगा, हा कितवा जन्म हाये?"

वटपौर्णिमेची सकाळ. सौंसरहून मोहगावला जाणाऱ्या रस्त्यावरच्या वडाखाली बाया ठेवणीतली लुगडी नेसून गोळा झालेल्या, आणि त्यांच्या मधोमध हात पसरून उभे आमचे शेजारी दिनकर मास्तर. आवाज असा, की वडावरचे कावळे उडाले ते थेट पांढुर्ण्याला जाऊन बसले.

"कोणाचा कितवा?" एकीने विचारलं.

"तुमचा! सात जन्म हाच नवरा मागून राहिल्या ना? मंग हा पयला हाये का सातवा, कोणी पाहिलं? सातवा असंन तं पुढं काय?"

"मंग सुटलो ना जी मास्तर!" मागून कोणी तरी म्हणालं आणि वडासकट सगळे हसले. हसल्या नाहीत त्या मास्तरांच्याच बायको, शांताकाकू. त्यांनी नवऱ्याला कोपरानं बाजूला सारलं आणि दोरा गुंडाळत पुढे निघून गेल्या.

मास्तर शाळेत शिकवायचे भूगोल, पण त्यांचा खरा विषय धर्म. एक नव्हे, झाडून सगळे. "तुलना करून पाहा जी!" हे त्यांचं पालुपद. तासाला गंगेचा उगम सुरू व्हायचा आणि घंटा होईस्तोवर पोरं जॉर्डन नदीत गटांगळ्या खात असायची. घरी एका फळीवर सगळ्या धर्मांच्या पोथ्या, दर दोघींच्या मध्ये काडेपेटीएवढं अंतर सोडून. का, तर "भांडू नये म्हणून."

एकादशी, रोजे, पर्युषण, सगळ्यांचे उपवास त्यांनी करून पाहिले आणि निष्कर्ष काढला, "भूक सगळीकडं सारखीच. पण साबुदाण्यात आपण पुढं हाओ." जामसांवलीचा मारुती निजलेला आहे, त्यावरही त्यांचा सिद्धान्त तयार होता. "उभा देव घाईत असते. आडवा झालेलाच निवांत ऐकते." हे पडताळायला ते स्वतः देवळात समोर आडवे झाले, आणि पुजाऱ्याने तोंडावर पाणी मारून त्यांना शुद्धीवर आणलं. आमच्याकडे हिंदी बोलणाऱ्या बाया वड पूजतात अमावास्येला, मराठी बाया पौर्णिमेला. मास्तरांची त्यावर झोप उडालेली. "एकाच झाडाकडं दोन तारखांचे अर्ज! मंजूर कोणता होत असंन?"

तेव्हा कितव्या जन्माचा हा प्रश्नही मी त्याच खात्यात टाकला होता. पण संध्याकाळी मास्तर माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि एकही तुलना केली नाही. सरळच सांगितलं. काकूंना नागपूरला दाखवलं होतं. काळजाची झडप खराब निघाली. पावसाळा सरला की ऑपरेशन, आणि डॉक्टर भरवसा देईना.

"पोरंबाळं नाही जी आमाले," मास्तर म्हणाले. "हा सातवा असंन, तं खेळ खलास. दुसऱ्या कोणाच्या धर्मात काही सोय हाये का, पाहून ठेवतो."

तो अख्खा पावसाळा माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर एक चालताबोलता धर्मग्रंथ बसलेला होता. पार छिंदवाड्याचे पाद्री गाठून झाले. ते म्हणाले, वर स्वर्गात नवरा-बायको असं काही नसतं, सगळे देवदूतांसारखे. मास्तरांनी विचारलं, "पण ओळख तं राहते ना? निदान नमस्कार?" सौंसरच्या जैन कापडवाल्यांनी सांगितलं, जो तो आपल्या कर्मानं एकटाच जातो. बोरगावचे बौद्ध गुरुजी फार भला माणूस. ते हळूच म्हणाले, "कायम राहणारा आत्माच नाही, मास्तर. मंग कोण कोणाले भेटंन?" त्या दिवशी परतीच्या वाटेवर मास्तर एवढे गप्प, की मागे बसलेत की पडले हे पाहायला मी तीनदा स्कूटर थांबवली.

शेवटी पांढुर्ण्याचे मौलवीसाहेब. ते म्हणाले, "दोनों नेक रहे, तो जन्नत में साथ रहेंगे." मास्तर असे उठले की चहाची बशी लवंडली. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "और एक ही नेक निकला तो?"

मौलवीसाहेबांनी लवंडलेली बशी सरळ केली. रस्त्यात मास्तर माझ्या कानाशी ओरडले, "तिचं होऊन जाईन हो! माझंच अवघड हाये. मी भाच्याले भूगोलात पास केला हाये!"

नागपूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ट्रंक भरून दाराशी ठेवलेली. काकू मेथी निवडत होत्या, आणि मास्तर समोर उकिडवे बसून त्यांना सगळा अहवाल देत होते. पाद्री, कापडवाले, गुरुजी, मौलवी. बोलता बोलता आवाज चिरकायला लागला, तसे ते आणखी मोठ्यानं बोलायला लागले.

"म्हणून म्हणतो, कोणाचाच पक्का भरवसा नाही! आपला वडच बरा. पण तू सातावर थांबू नोको. परत आलो की आपण दोघं जाऊ वडापाशी. सरळ शंभर जन्म माग!"

काकूंनी एक पिवळं पान बाजूला काढलं.

"सात तरी कोण मागते?" त्या म्हणाल्या. "मी तं दरसाल वडाले येवढंच म्हणते, आधी ह्यायले ने, मंग मले. तुमाले साधा चहा ठेवता येत नाही."