उमेंद्रचं भरभराटीचं निरुत्पन्न दुकान

ज्याला काम नाही तो बेकार, आणि ज्याला काम आहे पण पैसा नाही तो उद्योजक, हा अर्थशास्त्रातला मूलभूत फरक आपल्याकडे अजून कुणी नीट समजून घेतलेला नाही. बेकाराला निदान सहानुभूती मिळते. भर दुपारी तो पानठेल्यावर उभा दिसला तर लोक चुकचुकतात. उद्योजक मात्र भर दुपारी दुकानात घाम पुसत बसलेला असतो, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. वाटलाच तर थोडा हेवा वाटतो.

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातला उमेंद्र कटरे या दुसऱ्या, अधिक प्रतिष्ठित वर्गात मोडत होता. वय बत्तीस, लग्न व्हायचं. भाड्याच्या गाळ्यात एक कॉम्प्युटर, एक पंखा, दोन खुर्च्या आणि बाहेर ‘उमेंद्र ग्राफिक्स’ अशी पाटी. वाढदिवसाचे बॅनर, लग्नाच्या पत्रिका, तेरवीचे संदेश, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची पोस्टरं, नेत्यांच्या सणासुदीच्या शुभेच्छा, असं जे जे फोनवर फिरतं किंवा खांबाला लटकतं ते सगळं तो बनवायचा. छपाई व्हायची गोंदियातल्या प्रेसमध्ये. प्रेसवाल्याला लोक रोख पैसे देत, कारण फ्लेक्स फुटावर मोजता येतो. उमेंद्रनं त्यावर चार तास डोकं घातलेलं असे, ते काही फुटावर मोजता येत नाही. आणि नुसतं फोनवर पाठवायचं असेल तर कागदही लागत नाही, शाईही लागत नाही. ज्यात काही लागलंच नाही त्याचे पैसे कसले, हा कुडव्याचा सिद्धान्त होता, आणि त्यात उमेंद्रला स्वतःलाही चूक सापडत नसे.

त्याचे ग्राहक शास्त्रशुद्ध रीतीनं वाटले गेलेले होते. पहिले नातेवाईक (यांच्याकडून घ्यायचे नसतात). दुसरे शेजारी (यांच्याकडे मागितले की तेही नातेवाईक निघतात). तिसरे मित्र (हे सोमवारी देतात, कोणत्या, ते सांगत नाहीत). चौथे पुढारी (हे पैशांऐवजी ओळख देतात, आणि निवडणूक झाली की ओळखही परत घेतात). पाचवा देव. नागऱ्याच्या महादेवाला जाणाऱ्या भाविकांचं स्वागत करणारा बॅनर उमेंद्र दरवर्षी करायचा, आणि त्यात महादेवापेक्षा मोठे फोटो असलेल्या बावीस मंडळींपैकी कुणाकडे पैसे मागणं म्हणजे थेट महादेवाकडे मागण्यासारखं होतं.

एकदा त्यानं धीर करून दुकानात एक सुबक पाटी लावली : ‘डिझाइनचे दोनशे रुपये वेगळे पडतील.’ पाटी सगळ्यांना फार आवडली. अक्षरांची वळणं पाहून दोघांनी आपापल्या दुकानासाठी तशीच पाटी करून मागितली. उमेंद्रनं ती करून दिली.

अशा भरभराटीत सहा महिन्यांचं भाडं थकलं. घरमालकानं या महिन्याच्या अखेरीपर्यंतची मुदत दिली, आणि आमगावहून उमेंद्रच्या बहिणीचा नवरा, खुशाल, यानं मोठ्या मनानं निरोप पाठवला की आपल्या सिमेंटच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक खुर्ची रिकामी आहे. खुशाल वाईट माणूस नव्हता. फक्त तो उमेंद्रची ओळख करून देताना ‘हा माझा साळा’ एवढंच म्हणे आणि मग हसे. त्या खुर्चीत बसून जन्मभर ते हसणं ऐकायचं, या विचारानंच उमेंद्रची झोप उडाली होती.

अशा वेळी शासन धावून येतं. एका कार्यालयानं ‘निरुत्पन्न स्वयंरोजगारी आधार योजना’ काढली होती. पात्रतेच्या अटी तीन होत्या : अर्जदाराचा धंदा चालू असावा, त्यातून उत्पन्न नसावे, आणि तरीही तो का चालू आहे, याचे समाधानकारक कारण असावे. (तिसऱ्या अटीपुढे उमेंद्रनं ‘सवय’ असं लिहिलं, ते मंजूर झालं.) पात्र ठरल्यास थकलेलं भाडं, पुढच्या वर्षाचं भाडं, आणि ‘ग्राहकाकडे पैसे कसे मागावेत’ या विषयावर तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण, जेवणासह. उमेंद्रनं अर्ज केला, पण घरी आईला सांगितलं नाही. पोराचं दुकान चालत नाही म्हणून सरकारकडे हात पसरला, हे ऐकून निर्मलाबाई दोन दिवस जेवल्या नसत्या.

आता योजना म्हटली की चौकशी आली, आणि चौकशी म्हटली की ती गोपनीय असते. नियम असा की चौकशी अधिकाऱ्यानं आपण कोण, कुठून आलो, कशासाठी आलो हे उघड न करता शेजारीपाजारी साध्या वेषात विचारपूस करावी, म्हणजे खरं काय ते कळतं. हा नियम ज्यानं केला तो माणूस आपल्या भागातला नसावा. कारण आपल्याकडे पन्नाशीचा, पांढऱ्या सदऱ्यातला, बगलेत पिशवी मारलेला अनोळखी माणूस मोहल्ल्यात येऊन ‘हा पोरगा कमावते किती?’ असं विचारतो, तेव्हा तो कोण आहे हे कुणी विचारत नाही. तो मुलीचा बाप असतो. फार तर मामा.

शालीकराम नावाचे अधिकारी बरोब्बर असेच आले.

इथं थोडा इतिहास सांगायला हवा. तीन वर्षांपूर्वी तिरोड्याकडून उमेंद्रसाठी एक सोयरीक आली होती. समोरच्या पानठेल्याच्या भोजराजला पाहुण्यांनी विचारलं, आणि भोजराज बेसावधपणे खरं बोलून गेला. म्हणाला, ‘गर्दी लय असते जी, गल्ला नाही दिसत.’ पाहुणे कांदेपोहे तसेच टाकून उठले. निर्मलाबाईंनी भोजराजशी दोन वर्षं बोलणं टाकलं, आणि साऱ्या मोहल्ल्यानं त्याला असं काही फैलावर घेतलं की पुढे उमेंद्रबद्दल कुणीही काहीही विचारलं तरी काय सांगायचं, हे न ठरवताच ठरून गेलं.

त्यामुळे शालीकराम ठेल्यावर येऊन उभे राहिले तेव्हा भोजराजनं आधी हात धुतले. झालेलं पाप फेडायची संधी रोज येत नाही.

“उमेंद्र? त्याले जेवाले टाइम नाही भेटत जी. सकारपासून लाइन लागते.”

“महिन्याकाठी किती सुटत असतील?”

“चाळीस हजार तं कुठीच नाही गेले.”

शेजारच्या मंदाबाई नळावरून घागर घेऊन चालल्या होत्या. त्यांनी घागर खाली ठेवली. भोजराजचा आकडा त्यांना मोहल्ल्याच्या इभ्रतीला शोभेसा वाटला नाही.

“चाळीस कोनाचे आजकाल? साठ म्हना. अन् अर्जुनीकडे पाच एकर धान आहे, इटियाडोह धरनाच्या पान्याखालचा. पोरगा मातर बोलत नाही. गरीब आहे सभावानं.”

ही पाच एकर जमीन मंदाबाईंनी त्या क्षणी, उभ्या उभ्या, कोणताही मोबदला न घेता उमेंद्रच्या नावे केली. शालीकरामांनी ती लिहून घेतली.

तिसरा भेटला बुद्धभूषण. गोंदियात एका दुकानात हिशेब लिहिणारा हा माणूस खोटं बोलत नाही अशी त्याची ख्याती होती, आणि तो बोललाही नाही. म्हणाला, “मी त्याले कधी रिकामा बसलेला पाहिलो नाही.” हे शंभर टक्के खरं होतं. मागच्याच आठवड्यात बुद्धभूषणच्या मुलीच्या नामकरणाची पत्रिका उमेंद्रनं सात वेळा बदलून दिली होती.

शेवटी शालीकराम घरी गेले. उमेंद्र त्या दिवशी कुणाचा तरी बॅनर घेऊन प्रेसमध्ये गेलेला. निर्मलाबाईंनी पाहुण्यांकडे एकवार पाहिलं, पदर सावरला, आणि पोह्यांना फोडणी दिली. तीन वर्षांनी पहिल्यांदा त्या घरात शेंगदाणे घातलेले पोहे झाले.

“आमच्या इथं काही कमी नाही जी,” त्या म्हणाल्या. “कोनासमोर हात पसरायची पाळी देवानं येऊ नाही देली.”

शालीकरामांनी दोनदा पोहे घेतले, आणि निघताना, केवळ चौकशी अपुरी राहू नये म्हणून, कूळ विचारून घेतलं. (त्यांची एक भाची लग्नाची होती.)

आठवड्याभरात कार्यालयाचं उत्तर आलं. अर्जदाराचे मासिक उत्पन्न साठ हजार असून, बागायती शेती व निर्व्यसनी स्वभाव पाहता तो आधारास अपात्र आहे. मात्र अर्जदारास काही म्हणायचे असल्यास, त्याने ज्यांचे काम केले आणि मागूनही ज्यांनी मोबदला दिला नाही अशा पाच प्रतिष्ठित रहिवाशांचे सहीचे निवेदन महिनाअखेरीपर्यंत सादर करावे. उमेंद्रनं ते वाचलं आणि त्याला हायसं वाटलं. कार्यालयाला पाच हवे होते. त्याच्याकडे सारा कुडवा होता.

तो निवेदन घेऊन आधी भोजराजकडे गेला, सगळा घोटाळा सांगितला. भोजराज कळवळला. एक पान फुकट लावून दिलं. सहीसाठी पेन हातात घेतला आणि खाली ठेवला.

“मी लिहून देलो का तुले पैसे नाही देलो, तं उद्या लोक मले का म्हनतीन? ठेला चालवाचा आहे ना भाऊ मले.”

मंदाबाई रागावल्याच. “मी तुले पाच एकर जमीन देली, अन् तू मले फुकटी म्हनून सरकारात नाव घालून राहिला? काऊन रे?”

बाकीच्यांनीही काही ना काही कारण काढलं; उरला बुद्धभूषण. त्यानं चष्मा लावून निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. पेनाचं टोपण काढलं. मग एका शब्दावर बोट ठेवलं.

“इथं ‘मागूनही’ लिहिलं आहे. देलो नाही, हे खरं आहे. पन उमेंद्र, मांगला कधी होता तू?”

उमेंद्रनं निवेदनाची घडी करून खिशात ठेवली. त्याला फार वाईट वाटलं, आणि जास्त वाईट याचं की बुद्धभूषण बरोबर होता. घरी येऊन त्यानं आईला सगळं सांगून टाकलं. निर्मलाबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “मले काऊन नाही सांगितलं रे? मी म्हटलो असतो ना, का घरात काहीच नाही म्हनून.” सही तर त्या तिथंच करायला बसल्या होत्या, पण रक्ताच्या नात्याची सही नियमात चालत नव्हती. उमेंद्रनं त्यांचा हात धरून पेन काढून घेतला. त्या दिवशी दोघांनाही जेवण गेलं नाही.

महिना संपला. गाळ्याला घरमालकाचं कुलूप लागलं, आणि उमेंद्रनं आमगावच्या खुर्चीला होकार कळवला.

कुडवा मात्र कृतघ्न नाही. आपला पोरगा मोठ्या व्यापारात चालला म्हटल्यावर मोहल्ल्यानं त्याचा जाहीर सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, मांडव, सगळ्याची वर्गणी हसत हसत जमली. मंदाबाईंनी सगळ्यात जास्त दिली आणि खरंखुरं रडल्या. राहता राहिला बॅनर. दहा बाय पंधराचा, ‘कुडव्याची शान’ अशा मथळ्याचा. छपाईचे पैसे प्रेसमध्ये आगाऊ भरले गेले. डिझाइन कोण करणार, हा प्रश्न सभेत निघालाच नाही. भोजराजनं फक्त एवढं सांगितलं की उमेंद्रचा फोटो मधात असू दे, पण खाली शुभेच्छुकांचे फोटो अंमळ मोठे पाहिजेत.

उमेंद्रनं कॉम्प्युटर घरी आणून ठेवला होता. त्यावर बसून त्यानं ते काम मन लावून केलं, कारण दुसऱ्या तऱ्हेनं काम करणं त्याला येत नव्हतं. शुभेच्छुकांचे गोल ओळीनं मांडले, प्रत्येकाचा चेहरा थोडा उजळ केला, भोजराजचे दात पांढरे केले. शेवटच्या ओळीत एक गोल मोकळा राहिला, आणि मोकळा गोल बरा दिसत नाही.

तेव्हा वाचकहो, तुमचा एक चांगलासा फोटो पाठवून द्या. तो बसवून देईल. किती पडतील ते विचारू नका, म्हणजे त्याला संकोच होणार नाही. तसे तुम्ही विचारणार नव्हतातच.