पलंगावरची कांदाचाळ

नामपूरच्या बाजारात कुणालाही विचारा, निवृत्तीअण्णांच्या बांबूच्या चाळीतला कांदा कधी सडला नाही! दुसऱ्यांच्या चाळी भर पावसाळ्यात वास मारायला लागत आणि अण्णांचा कांदा दिवाळीला बाहेर निघायचा तो कसा, तर कालच उपटल्यासारखा टणक. खालून हवा, बाजूने हवा, वरून सावली, एवढंच त्यांचं तंत्र. "जे टिकवायचं ते माझ्या हवाली करा," अण्णा मिशीवर हात फिरवून सांगत. "कांदा असो, लसूण असो, नाहीतर माणूस!"

सिंहस्थ होऊन गेल्यावरच्या हिवाळ्यात माणूस टिकवायचीच वेळ आली.

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर त्यांच्या बायकोचा, वत्सलाबाईंचा, उजवा पाय सुजायला लागला होता. उपचारासाठी दोघं नाशकात, द्वारका चौकामागच्या कॉलनीत मुलाकडे राहायला आले होते. आदल्या वर्षी तो पाय इतका सुजला की बाईंना उंबरा ओलांडता येईना. बाजारात अण्णांच्या चार पावलं पुढे चालणारी ती बाई दिवसदिवस खिडकीत बसून रस्ता बघत राहायची. अण्णांना ते बघवत नसे. ते उगाचच बाहेर जाऊन कोथिंबीर आणत.

मग फिजिओथेरपिस्ट सायली मॅडम भेटल्या. वयाने सुनेपेक्षा लहान, पण शिस्तीला हेडमास्तर! त्यांनी पाय हलका हलका चोळून, पट्ट्या गुंडाळून सूज उतरवली आणि पावलापासून मांडीपर्यंत मापाचा घट्ट मोजा दिला. दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा.

"मोजा काढला की सूज परत येणार," त्यांनी बजावलं. "आणि पायाला थेट शेक अजिबात द्यायचा नाही. गरम पाण्याची पिशवी नको, शेगडी नको. पायावर ओझंही नको."

"मग थंडीचं काय करायचं, मॅडम?" अण्णांनी विचारलं.

"बाकीचं अंग उबदार ठेवायचं, काका."

सांगायला सोपं! नाशकात थंडी अशी पडली होती की खोबरेल तेलाची बाटली सकाळी उन्हात ठेवावी लागे. वत्सलाबाईंच्या मोज्यातला पाय गारठायचा, पायामागे सगळं अंग गारठायचं. अण्णांनी नामपूरहून आणलेल्या सगळ्या गोधड्या एकावर एक घातल्या, तर बाई ओरडल्या, "अहो, पायावर बैल बसवलाय का? काढा ते!" गोधड्या काढल्या की पुन्हा दात वाजायला सुरुवात. शेवटी एका दुपारी त्यांनी जाहीर करून टाकलं, "हे बघा, आज रात्री मी कुडकुडले ना, तर हा मोजा काढून फेकून देईन. मग सूज येवो नाहीतर काय बी होवो! उद्या तुमच्या मॅडम येनार हायेत ना पाय मोजायला? तुम्हीच घाला म्हनावं!"

अण्णांच्या डोळ्यांपुढे ती खिडकी आली. मोजा सुटला तर बायको पुन्हा त्या खिडकीत! ते ओट्यावर जाऊन बसले, तंबाखू मळली आणि तोंडात टाकायच्या आतच त्यांना सुचलं.

चाळ!

पायाच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या कामट्यांचा सांगाडा उभा करायचा. त्यावर मांजरपाट ताणायचं आणि वरून गोधडी. गोधडीचा भार सांगाड्यावर, पाय आत मोकळा! ओझं नाही, शेक नाही. आणि बाजूने हवेला जागा सोडायची, म्हणजे मालाला ओल धरायची नाही.

"पण बाबा," सून तृप्ती चाचरत म्हणाली, "चाळ तर कांदा गार राहावा म्हणून असते ना?"

"पोरी, तू कॉम्प्युटर शिकलीस," अण्णा चपला घालत म्हणाले. "चाळीतलं मला सांगू नको!"

द्वारकेजवळ बांबूचं एक दुकान होतं. अण्णा तिथे पोचले ते छाती काढूनच.

"दोन बांबू लांब द्या, बाकी आडव्याला कामट्या. सुतळी द्या. आणि पांढरं मांजरपाट."

दुकानदाराने हातातला चहा खाली ठेवला. "घरचंच का, बाबा?"

"घरचंच. बायकोसाठी."

"अरेरे! कधी झालं?"

"ऑपरेशनपासून चाललंच होतं," अण्णा म्हणाले. "पण आज ठरवून टाकलं. रात्रीच्या आत उरकायचं, नाहीतर थंडी वाढते."

"मडकं देऊ?"

"मडकं कशाला? गरम पाण्याला बंदी आहे!"

दुकानदाराला वाटलं, दुःखाने म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याने हळूच विचारलं, "उंची काय बाईंची?"

"असेल पाच फूट. पण आपल्याला काय, कमरेखालचंच बांधायचंय!"

दुकानदाराने सुतळीचा एक जादा गुंडा वर ठेवला आणि हात जोडले. नाशकातली माणसं काय अदबीची आहेत, असं म्हणत अण्णांनी बांबू खांद्यावर घेतले.

नेमके त्याच वेळी शेजारचे यादव तिथे स्कूटर थांबवून उभे होते. कॉलनीत कुणी गेलं की पुढची सगळी व्यवस्था यादवांकडे. ते काम ते मन लावून करत आणि आपल्याआधी दुसरं कुणी पोचलं तर चार दिवस नाराज राहत. अण्णांच्या खांद्यावरचे बांबू आणि काखेतलं पांढरं कापड बघितल्यावर त्यांनी एक शब्दही विचारला नाही. विचारायचं काय होतं? त्यांनी थेट स्कूटर वळवली, घरी जाऊन कॉलनीत निरोप फिरवले आणि सटाण्याला वत्सलाबाईंच्या भावाला, पुंजाभाऊंना, फोन लावला. "लवकर निघा! अण्णा स्वतः सामान आणतायत बिचारे."

इकडे अण्णांनी अंगणात बांबू आडवे टाकले आणि कामट्या बांधायला घेतल्या. एक एक गाठ अशी मारत होते की बघत राहावं! दोनेक तासांनी मान वर केली, तर फाटकापासून पायरीपर्यंत माणसं उभी. बायकांनी डोक्यावरून पदर घेतलेले.

"सैल बांधताय, अण्णा," यादव गहिवरल्या आवाजात म्हणाले. "द्या इकडे. मला सवय आहे."

"हवा खेळायला पाहिजे," अण्णा म्हणाले. "घट्ट बांधून चालत नाही."

यादवांनी डोळे पुसले. "हो, बरोबर आहे. काकूंना मोकळी हवा फार आवडायची."

"आवडायची?" अण्णा फणकारले. "हवा लागली की बोंबलते ती!"

तेवढ्यात जीप येऊन थांबली आणि तिच्यातून पुंजाभाऊ अक्षरशः कोसळत बाहेर आले. "आक्का! आक्का, तू गयी वं!" असा टाहो फोडत ते घरात घुसणार, तोच दार उघडलं. डोक्याला कानटोपी, अंगात सुनीलचा, म्हणजे मुलाचा, जुना स्वेटर आणि एका पायात मांडीपर्यंतचा मोजा. दारात वत्सलाबाई उभ्या!

दोन बायका किंचाळल्या. पुंजाभाऊ खालीच बसले.

"काय झालं?" वत्सलाबाईंनी गर्दीवरून नजर फिरवली आणि त्यांचाही चेहरा उतरला. "अगं बाई! कोन गेलं?"

सगळे यादवांकडे बघायला लागले, यादव अण्णांकडे आणि अण्णा हातातल्या कामटीकडे. बाईंचं लक्ष अंगणातल्या बांबूंकडे गेलं, मांजरपाटाकडे गेलं, भावाच्या हातातल्या हाराकडे गेलं.

"आरं पुंजा, मी आठेच शे, जित्ती!" त्या कडाडल्या. "आनि हार कोनासाठी आनलास?"

"तुझ्याचसाठी, आक्का," पुंजाभाऊ रडत रडत हसले. त्यांनी उठून तो हार खरोखरच बहिणीच्या गळ्यात घातला! मग मात्र सगळं अंगण खदखदून हसलं. यादव तेवढे शरमेने भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पण आलेल्या माणसांना नुसतं परत कसं पाठवायचं? तृप्तीने चहा टाकला. मग हे नक्की काय बांधताय, अशी चौकशी झाली आणि अण्णांना व्यासपीठच मिळालं! सूज काय, मोजा काय, पायावर भार का नको, हवा कुठून शिरते आणि कुठून निघते, सगळं त्यांनी सविस्तर समजावलं. यादवांनी प्रायश्चित्त म्हणून उरलेल्या गाठी मारल्या. चार जणांनी खांदा देऊन सांगाडा आत नेला आणि पलंगावर ठेवला. वत्सलाबाई नवऱ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत पाठीवर झोपल्या. त्यांच्या कमरेपासून खाली चाळ उभी राहिली, चाळीवर मांजरपाट, त्यावर गोधडी.

"बघा!" अण्णा सगळ्यांना म्हणाले. "आता मोजा राहतो की नाही ते सकाळी बघा!"

आणि राहिला की हो! सकाळी सायली मॅडम आल्या तेव्हा मोजा मांडीपर्यंत जागच्या जागी होता. त्यांनी टेप लावला, दोनदा मोजलं आणि म्हणाल्या, "काकू, कमाल आहे! सूज अजिबात वाढलेली नाही. उलट थोडी उतरलीच आहे." रात्री मुक्कामाला राहिलेले पुंजाभाऊ टाळ्या वाजवायला लागले. यादव सगळ्यांच्या आधी पोचले होतेच.

"रात्रभर ऊब मिळाली ना?" मॅडमनी विचारलं.

"का नाही मिळणार?" अण्णांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे मॅडम, खालून हवा..."

"ऊब, डोंबलाची!" वत्सलाबाई म्हणाल्या. "आत नुसतं वारं खेळत होतं. पाय लाकडासारखा गार पडला. कितीदा मोजा काढायला बसले, पन ह्या पिंजऱ्यात हात मांडीपर्यंत पोचंल तर शपथ!"

यादव खोकले. तृप्तीने पदरात तोंड लपवलं.

"मग हाक मारावी म्हनून वळले," बाईंचा आवाज जरा खाली आला, "तर हे गृहस्थ सोताचं ब्लँकेट, शाल, बंडी, सगळं माझ्या अंगावर टाकून बनियनवर झोपलेले. मुटकुळं करून! मग मी उठवलं नाय. त्या पांघरुनातच ऊब धरली आनि झोप लागली."

ओरडणारी बाई एवढं बोलून नवऱ्याकडे बघून हसली. सायली मॅडमनी टेप गुंडाळून ठेवला. मग म्हणाल्या, "काका, मी हेच सांगत होते. बाकीचं अंग उबदार ठेवायचं. तुमच्या पांघरुणानेच काम केलं."

कॉलनीतल्या कुणालाही असं कौतुक गोड वाटलं असतं. अण्णांचा चेहरा मात्र पडला. नामपूरच्या बाजारात हे सांगायचं तरी कसं?

"पांघरूण काय, कुणीही टाकेल हो मॅडम!" ते कळवळून म्हणाले. "चाळीचं बोला ना!"

आणि लागोपाठ शिंकत सुटले.