पीक आढळले

रिषभने ते यंत्र दुकानात आणलं त्या दिवसापासून चांदमल शेठने त्याच्याकडे एकदाही सरळ पाहिलं नव्हतं. शहाद्यात शेतीच्या अवजारांचं त्यांचं चाळीस वर्षांचं दुकान. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, आणि संतापले की दोन्ही एकदम. आणि पोराने आणावं काय, तर डोक्यावर सोलरचं छप्पर असलेलं चार चाकांचं टेबल! ते म्हणे मिरचीच्या ओळीतून आपलं आपण चालणार, पुढच्या डोळ्याने पीक कोणतं अन् तण कोणतं ते ओळखणार, आणि पोटाखालच्या पात्यांनी नेमकं तण तेवढं काढणार.

"ट्रॅक्टरले काय धाड भरनी?" शेठने विचारलं.

"बापूजी, ट्रॅक्टर दोन ओळींमधलं तण काढतो. झाडाच्या बुडाशी राहतं त्याचं काय? ते बायका खुरप्याने काढतात, दिवस दिवस वाकून."

"मंग शनवारी आपला मिरचीवाला भिलाना शेतमा लाव. अर्धा शेतमा मुजफ्फरना ट्रॅक्टर, अर्धामा तुन्हं टेबल. मशीन बटन दाबीसन बंद करनं पडनं, ते तू हारना. मशीन परत, अन् तू नटबोल्टवर."

दुकानाच्या मागच्या अंगाला, पंख्याचा वारा पोचत नाही अशा कोपऱ्यात नटबोल्टचं काउंटर होतं. सातवीपासूनच्या साऱ्या सुट्ट्या रिषभने तिथे वायसर निवडण्यात घालवल्या होत्या. आता इंजिनियर होऊन पुन्हा तिथेच? नको रे बाबा!

शनिवारी ब्राह्मणपुरीत भिलाच्या बांधावर निम्मं गाव जमलं. मुजफ्फर आपला छोटा ट्रॅक्टर घेऊन आला होता. पाच गावांची कोळपणी तोच करायचा, आणि चांदमलच्या दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईकही तोच. भिलाची बायको शोभाबाई पूजेचं ताट घेऊन आली. नवं यंत्र शेतात बिनपूजेचं कसं उतरणार? रिषभचा जीव मात्र त्या यंत्राच्या डोळ्यात अडकला होता.

"काकू, कुंकू बाजूला लावा! डोळ्यावर काही नको. हार वर, छपराला बांधा."

"बरं बरं, नवरदेवले बी इतला नखरा नही ऱ्हातस!" शोभाबाईने झेंडूचा हार छपराला बांधला आणि नारळ फोडला. सगळे प्रसादासाठी तिच्याभोवती गोळा झाले; यंत्रापाशी एकटे चांदमल शेठ उरले. तेवढ्यात रिषभने सगळ्यांना नियम सांगितला. यंत्रासमोर कुणी उभं राहायचं नाही, नाहीतर ते थांबतं. चालायचं ते मागून, तीन पावलं अंतर ठेवून. मग त्याने फोनवर बोट टेकवलं.

यंत्र हललं आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणालं, "पीक आढळले. पाते वर घेत आहे."

"हाई ते तलाठीगत बोलस!" भिला हरखून म्हणाला.

यंत्र चाललं. मागे रिषभ, रिषभच्या मागे गाव. दहा पावलं झाली तरी पातं काही खाली येईना. ओळीत गुडघाभर गवत, आणि यंत्र त्याच्यावरून अदबीने चाललेलं. "पीक आढळले. पाते वर घेत आहे." शेजारच्या तुकड्यात मुजफ्फरचा ट्रॅक्टर धडधडत तिसरी ओळ उरकून चौथीत शिरला होता.

"रिषभभाऊ, हाई गाजरगवत शे," भिला हळूच म्हणाला. "आम्हीन येले पीक नही म्हनत."

रिषभच्या कानशिलावरून घाम निथळायला लागला. त्याने कंपनीत फोन लावला. तोवर ओळ संपली. समोरचं पीक संपलं की यंत्राने वळायचं, असं त्याला शिकवलेलं. यंत्र वळलं नाही. "पीक आढळले," म्हणत ते बांध चढलं, उतरलं आणि गाडरस्त्याला लागलं.

"सर, मला इकडे सगळं व्यवस्थित दिसतंय," फोनवरचा इंजिनियर म्हणाला. "समोर पीक आहे, म्हणून पातं वर आहे."

"अहो, समोर बसस्टँड आहे!"

"तुम्ही मशीन हाताने बंद करा ना, सर. मागे लाल बटण आहे."

लाल बटण रिषभच्या हातभर अंतरावर होतं. पण ते दाबलं की नटबोल्ट. वळेल, आत्ता वळेल, असं मनाशी घोकत तो मागे चालत राहिला. गावही चालत राहिलं, आणि आता त्यात चहाच्या टपरीवरचे लोकही मिसळले. यंत्राला डांबरी सडक पीक वाटली. सडकेवर झोपलेलं कुत्रं पीक वाटलं, आणि ते पळालं तरी पीक होतंच. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने बस थांबवून डोकं बाहेर काढलं.

"लगन कोनं शे?" हार बघून त्याने विचारलं.

चांदमल शेठ धोतर सावरत सगळ्यांच्या मागून येत होते.

एवढ्यात धडधड ऐकू आली. आपला तुकडा संपवून मुजफ्फरने ट्रॅक्टर रस्त्याला काढला होता. त्याने यंत्राला मागे टाकलं आणि ट्रॅक्टर बरोबर पुढ्यात आडवा घातला.

"अडथळा आढळला. कृपया बाजूला व्हा."

"तू व्हय बाजूले!" मुजफ्फर खाली उतरला, यंत्राच्या तोंडासमोर उकिडवा बसला आणि हार बाजूला सारून एकदम हसत सुटला. "अरे रिषभ! इकडे ये, देख. याना डोयासमोर मिरच्या टांगेल शेतस!"

खरंच की! हाराच्या मागे, डोळ्यापुढे चार बोटांवर, एक लिंबू आणि सात हिरव्यागार मिरच्या झुलत होत्या. मिरची जपायला शिकवलेलं ते बिचारं यंत्र सकाळपासून तेवढंच करत होतं.

रिषभचं डोकं फिरलं. "मुजफ्फरभाई, हे तुम्हीच बांधलं!"

मुजफ्फरचं हसू मावळलं. "मी बांधतू, ते तुले दखाडतू का?"

रिषभ ओशाळला. त्याने लाल बटण दाबलं. हरलो तर हरलो! लिंबू-मिरची सोडायला तो वाकला आणि तसाच थांबला. ती दोऱ्यात नव्हे, तांब्याच्या बारीक तारेत ओवलेली होती. तारेला तीन वेढे, आणि टोक आत दुमडलेलं, गिऱ्हाइकाच्या बोटाला टोचू नये म्हणून. वायसरच्या पुड्यांना घातलेली ही गाठ त्याने लहानपणापासून हजारदा सोडली होती. ती गाठ घालणारा माणूस अख्ख्या शहाद्यात एकच होता.

"बापूजी?"

चांदमल शेठ एसटीची पाटी वाचायला लागले.

"बापूजी, तुम्हाला तर मशीन परत पाठवायचं होतं ना?"

"ते शे ना," शेठ पाटीकडेच बघत म्हणाले. "पन इतला लोक देखाले उनात. तुन्ही मेहनत शे. नजर लागी जाती तर?"

रिषभने तारेची गाठ सोडली. मुजफ्फरने रिषभच्या हातातून लिंबू-मिरची घेतली, यंत्राच्या पाठीमागे बांधली आणि म्हणाला, "माले बी असं जिकनं नको. चाल, शेतमा."

यंत्र परत शेतात लागलं. ट्रॅक्टरपुढे त्याची चाल म्हणजे गोगलगायच, पण दुपार कलेपर्यंत मिरचीच्या बुडाशी तणाची काडी उरली नाही. मुजफ्फरच्या तुकड्यात मधला पट्टा लख्ख होता आणि बुडाशी गवत तसंच उभं होतं. शोभाबाईने दोन्ही तुकडे फिरून पाहिले आणि हातातलं खुरपं भिलाच्या हातात दिलं.

"पहिले मुजफ्फरभाऊना ट्रॅक्टर, मांगून हाई. मी आते वाकनार नही."

कुणी तिच्याशी वाद घातला नाही. पण रिषभच्या लेखी पैज ती पैज. बटण त्याने स्वतःच्या हाताने दाबलं होतं. दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने लवकर दुकानात आला आणि मागच्या कोपऱ्यात गेला, तर नटबोल्टच्या काउंटरवर चांदमल शेठ वायसर निवडत बसलेले.

"बापूजी, हरलो तर मी. इथे मी बसणार."

"तुले हराडं कोनी?" शेठने मान वर केली नाही. "तू पुढे गल्लावर बस. भिलाना दोन फोन उनात, दुसरी मशीन कधळ येस ते कंपनीले ईचार."

रिषभ वळला. मागून आवाज आला, "अन् जेवीसन येताना बाजारमाईन सात मिरच्या लई ये. लिंबू शे मनाजोडे."