सूतभरनं घेतलेलं पोटाचं माप

जगात दोनच गोष्टी खोटं बोलत नाहीत, असं सूतभर सुताराचं ठाम मत होतं. एक काटकोन तपासायचा गुण्या आणि दुसरा तो स्वतः!

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लाकडात तेवढा जरी फरक राहिला तरी या माणसाला जेवण जात नसे, म्हणून अख्खी गल्ली त्याला सूतभर म्हणायची. त्याची बायको बेकरीत कामाला होती. पहाटेची भट्टी तिची. मैद्याचं पोतं खांद्यावर घेऊन ती अशी झपाझप चालायची, की बघणाऱ्याला वाटावं आत कापूस भरलाय.

मग बाळ झालं. बाळ गोड, रडणं दणदणीत, सगळं यथासांग! फक्त बायको अंथरुणातून उठायला लागली, की तिच्या पोटावर मधोमध एक उंचवटा यायचा, पालथ्या होडीसारखा. दोघं फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेले. तिथल्या फिजिओबाई तरुण, सडपातळ आणि बोलायला गोड, पण शिस्तीच्या कडक. त्यांनी बायकोला उताणं झोपवलं, गुडघे मुडपायला लावले, डोकं जरासं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर आडवी बोटं टेकवून पाहिलं.

"साडेतीन बोटं," त्या म्हणाल्या. "पोटाचे दोन उभे स्नायू मधून लांब गेलेत. बाळंतपणात पुष्कळ जणींना होतं हे. घाबरायचं काही नाही, व्यायामानं ताकद येते."

"म्हणजे सांधा उकललाय," सूतभर जाणकाराच्या थाटात म्हणाला. "सरस भरून क्लॅम्प आवळला तर?"

फिजिओबाईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुढचं सगळं बायकोलाच सांगितलं. श्वास सोडताना खालचं पोट हलकेच आत घ्यायचं. उठताना आधी कुशीवर वळायचं. जड वस्तूला हात लावायचा नाही.

"मग पोतं कधी उचलू?" बायकोनं विचारलं. "बेकरीत बदली माणूस घेतलाय. तो टिकला, तर माझी भट्टी गेलीच म्हणून समजा."

"दोनेक बोटांवर येऊ दे, मग बघू. पण घरी रोज मोजत बसू नका हं!"

हे शेवटचं वाक्य सूतभरच्या कानात शिरलंच नाही. "मापाचं माझ्यावर सोड!" घरी येताना तो छाती काढून म्हणाला. "तू फक्त श्वास सोड."

बायको मनापासून व्यायाम करू लागली. चौथ्या दिवशी सूतभरला राहवेना. त्यानं हात धुतले, बाह्या सारल्या, एक डोळा मिटला आणि बायकोच्या पोटावर बोटं टेकवली.

"दोन!"

"काय सांगताय!"

"दोन म्हणजे दोन! वर सूतभरसुद्धा नाही!"

बायकोचा विश्वास बसेना. पण भट्टीची ओढच अशी होती, की तिनं तो ओढूनताणून बसवला. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून ती बोलणार, तोवर सूतभर चपला अडकवून बेकरीत पोचलासुद्धा!

बेकरीच्या मालकीणबाईंनी हात जोडले. "सोमवारपासून येतेय? सुटले बाई! या बदलीवाल्याच्या पावात काल एका आजोबांची कवळी रुतून बसली!" आणि त्यांनी बदलीवाल्याला उभ्या उभ्या निरोप दिला.

शुक्रवारी सासूबाई नातवाला बघायला आल्या. अंगानं काडी, खांदा आखडलेला. उजवा हात छातीच्या वर जात नसे. तोंड मात्र अजिबात आखडलेलं नव्हतं. आनंदाची बातमी ऐकून त्या "बघू" म्हणाल्या आणि डाव्या हाताची बोटं लेकीच्या पोटावर टेकवली.

"चार आहेत की गं बाई!"

"दोनाची चार?" बायको ताडकन उठायला गेली, मग आठवलं, कुशीवर वळली, नीट उठून बसली आणि मग किंचाळली.

सूतभरनं सासूबाईंचा हात आपल्या हाताशेजारी धरला. त्यांची बोटं घेवड्याच्या शेंगा, याची काकड्या!

"तरीच!" तो म्हणाला. "पट्टीच खोटी निघाली!"

"पट्टी कसली? पट्टी तुम्हीच!" बायको कडाडली. "गावभर सांगून आलात ना? आता सोमवारी मी काय करू? पोतं उचललं आणि पोटाचं काही झालं तर? आणि नाही उचललं, तर मालकीणबाई दुसरा माणूस कायमचाच ठेवतील!" एवढं बोलून ती रडायलाच लागली. बाळानंही तिच्या सुरात सूर मिसळला.

सूतभर पार हादरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं माप चुकलं होतं आणि तेही सख्ख्या बायकोचं. अशा वेळी बायकोला घेऊन सरळ दवाखाना गाठावा, हे तुम्हाआम्हाला सुचलं असतं. सूतभरला सुचलं कॅलिपर! फिजिओबाईंच्या बोटांची रुंदी अचूक घ्यायची, तेवढ्याच रुंदीची लाकडी बोटं तासायची आणि खरं माप खऱ्या मापानं मोजायचं. बेत ऐकायला चांगला होता, म्हणून त्यानं तो कुणाला ऐकवलाच नाही.

शनिवारी सकाळी दवाखान्याचं बाकडं माणसांनी भरलेलं होतं. कुणाची मान धरलेली, कुणाची कंबर. पलीकडे पडद्याआड एक बाई खांद्याच्या व्यायामासाठी दोरी ओढत होत्या. फिजिओबाई दारात दिसताच सूतभर पुढे झाला आणि खिशातून कॅलिपर काढलं.

"बाई, जरा तुमचं बोट देता?"

"माझं? कशाला?"

"माप घ्यायचंय." तो आवाज खाली आणून म्हणाला, पण ठोकठोक करून करून ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा खालचा आवाज तो! "माझ्या बायकोला यातलं काही ठाऊक नाही. आधी आपलं पक्कं होऊ दे, मग सांगतो तिला."

बाकड्यावरची धरलेली मान एकदम मोकळी झाली आणि इकडे वळली. एक आजीबाई शेजारणीला म्हणाल्या, "अंगठीचं माप घेतोय हो!"

फिजिओबाई गोंधळून हात मागे घेणार, तेवढ्यात सूतभरनं त्यांचं मधलं बोट पकडलंसुद्धा. "सरळ धरा, सरळ! किती नाजूक बोटं आहेत हो तुमची! कालपासून डोक्यात दुसरं काही नाही!"

खसकन पडदा सरकला. दोरी ओढणाऱ्या बाई म्हणजे सूतभरच्या सासूबाई होत्या!

"जावईबापू!"

आणि काय सांगावं, जो हात महिनोन्महिने छातीच्या वर गेला नव्हता तो थेट छताकडे गेला! हातात दोरीची मूठ तशीच होती.

"घरी तान्हं लेकरू, लेक माझी तिकडे रडतेय आणि तुम्ही इथं अंगठ्या करताय?"

"अंगठी नाही हो! पोटाचं माप!"

"पोटाचं?" अख्खं बाकडं ओरडलं. धरलेली कंबरसुद्धा उठून उभी राहिली. सूतभर घाईघाईनं खुलासा करू लागला, तसतसा आणखी रुतत गेला. शेवटी फिजिओबाईंना एकदाचा उलगडा झाला. त्या खुर्चीत बसून इतक्या हसल्या, की त्यांचंच पोट दुखायला लागलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आजी, हात वर गेला की तुमचा! आणि तुम्ही, कॅलिपर खिशात ठेवा आणि बायकोला घेऊन या. आत्ताच्या आत्ता."

बायको आली. बाईंनी तपासलं. तीन बोटांच्या वरच होतं आणि डोकं उचललं की होडीही होती.

"पोतं इतक्यात नाही," त्या स्पष्ट म्हणाल्या. बायकोचा चेहरा उतरला. ते पाहून सूतभरला इतकं वाईट वाटलं, की त्यानं आपली काकड्यांसारखी बोटं पाठीमागे लपवली. फिजिओबाई पुढे म्हणाल्या, "पण पाव वळायला, भट्टीवर लक्ष ठेवायला माझी ना नाही. वजन मात्र दुसऱ्यानं उचलायचं."

आता सगळे सूतभरकडे बघायला लागले.

सोमवारी भल्या पहाटे मालकीणबाईंनी बेकरीचं दार उघडलं, तर दोघं जोडीनं उभे!

"भट्टी मी बघते, पोती हे उचलतील," बायको म्हणाली.

"आणि बाळ?"

"आईकडे. तिचा हात आता चांगला चालतो."

मग सुरू झाली सूतभरची शिक्षा. "श्वास सोडा, मग उचला! कमरेतून वाकू नका! अहो, हळू, मैदा आहे तो, फळ्या नव्हेत!" बायकोला मनासारखा हुकूम गाजवायला मिळाला आणि गिऱ्हाइकांना मनासारखा पाव. सूतभर बेकरीतून सुटला की आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात जायचा आणि अर्धवट तासलेल्या फळीवर आडवा व्हायचा. पण कुरकूर नाही केली हो त्यानं! बायको घरी आली, की व्यायामाला चटई तोच अंथरायचा. मोजायला मात्र त्याला बंदी होती.

असे कितीतरी आठवडे गेले. एक दिवस फिजिओबाईंनी बायकोला वाळूची जड पिशवी उचलायला लावली. बायकोनं श्वास सोडला आणि उचलली. पोट सपाट! पुन्हा उचलली. होडीचं नाव नाही!

"झालं!" फिजिओबाई म्हणाल्या. "आता हळूहळू वजन वाढवत जा. पोती तुमची."

बायको हसली आणि हसता हसता रडलीही. सूतभरलाही भरून आलं. पण स्वभावाला औषध नाही!

"बोटं किती, तेवढं सांगा," तो म्हणाला.

"अडीच."

"म्हणजे फट आहे अजून!"

"आहे. थोडी राहीलही कदाचित. दोन स्नायूंमधला पडदा घट्ट झालाय, वजन पेलतोय, ते महत्त्वाचं. बोटांचं माप नुसतं अंदाजाला असतं हो."

अंदाज! सूतभरला घाम फुटला. "फट राहिलेला सांधा पेलेल कसा? बाई, माझ्या हातून असं काम गेलं असतं, तर मी धंदा बंद केला असता!"

बाकडं आजही भरलेलं होतं आणि पडदा उघडाच होता. बायकोनं पिशवी खाली ठेवली.

"अहो, लग्नात तुम्ही स्वतः केलेला आपला पलंग आहे ना, त्याच्या डोकीकडच्या सांध्यात पहिल्या दिवसापासून फट आहे," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही कधी. पेलतोच आहे की आपल्याला!"

घरी आल्या आल्या सूतभर पट्टी घेऊन पलंगाखाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. फट होती. किती होती, ते मात्र त्यानं आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही!