अडतीस मिनिटांत एकवीस किलोमीटर

"मॅरेथॉन पाच तासांच्या आत संपवणार," असं तिने ऑफिसात छातीठोकपणे सांगून टाकलं आणि लगेच जीभ चावली. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. तिचं ऑफिस शहरातल्या बसचं वेळापत्रक आखणाऱ्यांचं. तिथे तोंडातून निघालेली वेळ थेट फळ्यावर जाते.

"बेचाळीस किलोमीटर, पाच तास," साहेबांनी तिथल्या तिथे गणित मांडलं. "किलोमीटरला सात मिनिटं आणि वर काही सेकंद. मधले थांबे धरून?"

"थांबे नाहीत, सर."

"सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं."

तिला तो आकडा हवाच होता. ढमी झाल्यापासून दोन वर्षं घरातले सगळे आकडे ढमीचे. वजन ढमीचं, ताप ढमीचा, दुधाचं माप ढमीचं, किती वाजता झोपली आणि किती मिनिटांत टक्क उठून बसली तेही ढमीचंच. तिचा स्वतःचा म्हणावा असा एकच आकडा उरला होता, वजनाचा, आणि तो ती काट्यालासुद्धा सांगत नसे. म्हणून कुठेतरी आपल्या नावापुढे छापलेला एक आकडा, एवढीच हौस. त्यापायी आठ महिने ती पहाटे चोरासारखी घराबाहेर पडली आणि ढमीने डोळे उघडायच्या आत चोरासारखीच परत आली.

"इतकं पळून जायचंय तरी कुठे?" सासूबाई विचारत. "बेचाळीस किलोमीटर लांब गेलीस तरी शेवटी याच ओट्यापाशी यायचंय ना?"

तर अशा या सासूबाईंना शर्यतीच्या आदल्या दुपारी सुनेची माया आली. सून ढमीला थोपटता थोपटता स्वतःच घोरायला लागली होती आणि दारात चिखलाचे बूट पडले होते. सासूबाईंनी ते उचलले, नाड्या काढल्या आणि साबण लावून खसाखसा धुतले. एका नाडीत एक प्लॅस्टिकचा गोल तुकडा ओवलेला होता. धावणारा कुठे, किती वाजता पोचला हे ज्यावरून कळतं ती चिप. रस्त्यावर अंथरलेल्या पट्टीवरून गेली की वेळेची नोंद करणारी. सासूबाईंना वाटलं, दुकानवाल्याने काढायचं विसरलेलं लेबल. पण टाकून देण्याचा स्वभाव नाही. हलवून पाहिलं तर आत काहीतरी बारीक खुळखुळत होतं. त्यांनी दोरा घेतला आणि तो तुकडा खुळखुळा म्हणून ढमीच्या बाबागाडीच्या दांड्याला बांधून टाकला. बूट वाळवले, नाड्या पुन्हा ओवून घट्ट बांधल्या आणि जागच्या जागी ठेवले. वर एका शब्दाने बोलल्या नाहीत. केलेलं बोलून दाखवायचं नाही, हे त्यांचं तत्त्व.

पहाटे तिने अंधारातच कपडे केले, कारण दिवा लावला की ढमी उठते. अंधारातच बूट चढवले. स्वच्छ साबणाचा वास आला, तेव्हा तिला वाटलं आपण घाबरलोय म्हणून भलते वास येताहेत.

साडेसहाला शर्यत सुटली. ती गर्दीबरोबर वाहून गेली आणि मागे नवरा, सासूबाई आणि बाबागाडीत ढमी असं त्रिकूट उरलं. त्यांना निम्म्या वाटेवर, एकविसाव्या किलोमीटरपाशी, तिला पाहायचं होतं. तिकडे जाणाऱ्या नऊ नंबरच्या बसचा थांबा रस्त्यापलीकडे होता. गर्दी पांगल्यावर नवऱ्याने बाबागाडी सरळ सुरुवातीच्या कमानीखालून, पट्टीवरून नेली. सहा एक्केचाळीस.

नऊ नंबर वेळेवर आली. उतरल्यावर सावलीचा बाक पलीकडे दिसला म्हणून त्याने तिथल्या पट्टीवरूनही गाडी नेली. सात एकोणीस. सगळ्यांत पुढचा धावपटूसुद्धा अजून तिथवर पोचला नव्हता. पाणी वाटायला उभ्या असलेल्या पोरींनी रिकाम्या रस्त्यावर दुसरं कोणी नाही म्हणून ढमीसाठीच टाळ्या वाजवल्या. ढमीने खुळखुळा हलवून त्यांचा स्वीकार केला.

इकडे ऑफिसचे लोक मोबाइलवर तिच्या नंबरावर नजर ठेवून होते. ग्रुपवर काय झालं ते तिला नंतर वाचायला मिळालं.

"एकवीस किलोमीटर, अडतीस मिनिटं."

"काय सांगता? माणूस आहे की विमान?"

"मी तिचं नाव सगळ्या डेपोंना कळवतोय," हे साहेब.

नंतर तिच्या शेजारच्या टेबलावरच्या, नऊ नंबरचं वेळापत्रक स्वतः आखणाऱ्या मॅडमनी लिहिलं होतं, "सर, थांब्यापर्यंत चालत सात मिनिटं, बस सत्तावीस, उतरून चार. बरोब्बर अडतीस."

त्याखाली साहेबांचा फक्त एक अंगठा.

बिचारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पळत होती. एकविसाव्या किलोमीटरला तिने सासूबाईंना हात केला, त्या बाकावरून ओरडल्या, "पाणी पी गं." तिसाव्याला पोटरीत गोळा आला. सदतिसाव्याला एका आजोबांनी तिला मागे टाकलं आणि वर सांगून गेले, "खांदे सैल सोड, बाळ." शेवटच्या वळणावर बसने परतलेली मंडळी उभी होती. ढमीने दोन्ही हात पुढे केले, "आई, आई." आठ महिन्यांचं सगळं डोळ्यांत आलं. तिने नवऱ्याच्या हातातून बाबागाडी घेतली आणि ती ढकलतच कमानीखालून गेली. वर घड्याळात चार तास अठ्ठावन्न मिनिटं. रडत रडत तिने तो आकडा तीनदा वाचला.

संध्याकाळी निकाल आला. नावापुढे आकडा नव्हता. एकच शब्द होता: बाद. खाली बारीक अक्षरांत कारण: वाहनाचा वापर केल्याचा संशय. दहाव्या आणि तिसाव्या किलोमीटरला नोंद नाही.

ती निकालाकडे पाहत होती तेव्हा शेजारी ढमी खुळखुळा वाजवत होती. तिने खुळखुळ्याकडे पाहिलं. मग आपल्या बुटांकडे पाहिलं. बूट दिवसभर पळूनही लख्ख होते.

"अरे, हे बूट कोणी धुतले?" तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

"आईने. तुला सांगू नको म्हणाली होती. किती छान ना?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सासूबाईंनी आपणहून तिची केलेली ही पहिली सेवा.

सोमवारी ऑफिसात फळ्यावरचे पाच तास कोणीतरी पुसून टाकले होते. "होतं असं," साहेब म्हणाले. "बस आपलीच आहे म्हणा." शेजारच्या मॅडम दिवसभर भलत्याच मायेने बोलल्या, आणि तेच जास्त लागलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने जिन्यात उभं राहून शर्यतीच्या कार्यालयाला फोन लावला. निकाल पाहणाऱ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चिप बाबागाडी घेऊन गेली?"

"हो."

"आणि बाबागाडी बसने गेली?"

"हो."

"इथवर पटतंय. पण सासूबाईंनी तुमचे बूट धुतले?"

"हो."

"ताई, मीही सून आहे. काहीतरी पटेल असं सांगा."

"अहो, खरंच धुतले. पायाची चार नखं काळी पडलीत, फोटो पाठवू का?"

"नखं नकोत. सासूबाईंच्या सहीचं लेखी आणा."

संध्याकाळी ती कोरा कागद घेऊन बसली. 'मी चूक करून चिप काढली' असं त्यांच्याकडून कसं लिहून घ्यायचं? सहा वर्षांनी एकदा काढलेली माया त्या परत फडताळात ठेवून कुलूपच घालतील. शेवटी तिने लिहिलं, "माझी सून पूर्ण शर्यत पळाली," आणि कागद पुढे केला.

सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं. "एवढंच? आणि बूट?"

"बुटांचं काय, आई?"

"मी धुतले ते कुठाय यात? नाड्या काढून, त्यात अडकवलेला सगळा कचरा काढून, दोन पाण्यांनी. लिही की. एवढी पळालीस, ती मेहनत तुझ्या एकटीची आहे का?"

तिने शब्दन् शब्द लिहून घेतला. सासूबाईंनी खाली ठसठशीत सही ठोकली.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. खुलासा मान्य. फसवणुकीचा शेरा काढून टाकला आहे. चिप स्पर्धकाच्या पायात नव्हती हे आता सिद्ध झाल्यामुळे, नियमानुसार, तिच्या नावापुढे सुधारित नोंद केली आहे: स्पर्धेस उपस्थित नव्हती.

"झालं का गं माझ्या सहीने काम?" ओट्यापाशी उभ्या सासूबाईंनी विचारलं.

"झालं, आई."

"मग पुढच्या वर्षी वेळेवर सांग. नाड्यासुद्धा नव्या घालून ठेवीन."