रजेचं ठिगळ

कागदाला कागद चिकटवायला कारागीर कशाला लागतो, असा मधुसूदनरावांचा बाणेदार सवाल होता आणि तो त्यांनी खुद्द कारागिरालाच विचारला!

जुन्या शुक्रवारीतले बाबाराव पतंगी बनवण्यात मुरलेले. भलीमोठी लाल पतंग हाती देताना ते एवढंच म्हणाले होते, "फाटली-गिटली तं माह्याकडेच आणजा, भाऊ. घरी ठिगळ लावसान तं लंगडी होते."

घरात शिरतानाच पतंगीला दाराची कडी लागली. मधोमध तळहाताएवढं भोक!

"जा आता बाबारावांकडे," बायको प्रमोदिनी म्हणाली.

"अगं, पंधरा वर्षं कचेरीतल्या फाटक्या फायली जोडून राहिलो मी! आण थोडा भात."

शितांनी त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला. पतंग जेमतेम उठली आणि डाव्या कुशीवर आडवी झाली. तो तुकडा उपटताना भोक ताटलीएवढं झालं! मग फरसाणाच्या पुडीचा कागद लावला. त्याला तेल लागलेलं, तो चिकटेचना.

"काहून जीव घेऊन राहिले तिचा?" प्रमोदिनी कळवळली.

अखेर हवा तसा पातळ कागद सापडला. मधुसूदनराव पडले हाडाचे कारकून. कुठल्याही अर्जाची कार्बन प्रत ठेवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. कचेरीला संक्रांतीची सुट्टी नव्हती, म्हणून दुपारीच त्यांनी साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला होता: 'उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, सबब उद्या एक दिवसाची वैद्यकीय रजा मिळावी.' साहेब राहायचे त्यांच्याच धंतोलीत, घराच्या मागच्या गल्लीत. पण उद्या ते भंडाऱ्याच्या दौऱ्यावर, म्हणजे मैदान मोकळं! सांभाळायचं एवढंच, की हेडक्लार्कच्या जागेसाठी नाव हेच साहेब सुचवणार होते.

त्या अर्जाची प्रत मधुसूदनरावांनी पतंगीला मागून चिकटवली. अक्षरं खाली, कोरी बाजू वर, म्हणून निर्धास्त! भोकातून पुढच्या बाजूने अख्खा अर्ज सहीसकट वाचता येतो, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

संक्रांतीला पतंग चढली. लंगडत का होईना, चढली! गच्चीवर प्रमोदिनीने मांजाची चक्री धरली आणि मधुसूदनरावांचा उजवा हात असा काही चालला, की दोन पतंगी कापल्या.

"ओ काट! कुठे आहेत तुझे बाबाराव?"

तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या एका गच्चीवरून एक काळी पतंग पेच लढवायला आली. लाल पतंग ठिगळाच्या बाजूने कलली, कललीच, आणि कटली! डुलत डुलत ती त्याच गच्चीवर जाऊन उतरली.

"ओ काऽऽट!" तिकडून आरोळी आली.

"अहो, हा आवाज ओळखीचा वाटतो," प्रमोदिनी म्हणाली.

मधुसूदनरावांनी टाचा उंचावून पाहिलं. अंगात बनियन, डोक्याला मफलर, हातात त्यांची पतंग. साहेब! भंडाऱ्याला गेलेले साहेब! पतंग डोळ्यांसमोर धरून ते मन लावून वाचून राहिले होते. वाचून झाल्यावर त्यांनी इकडे पाहिलं. मधुसूदनरावांचा उजवा हात अजून आभाळातच होता. त्यांनी तो झटकन खाली घेतला.

गेली हेडक्लार्कची खुर्ची! त्या रात्री त्यांना तिळाचा लाडूसुद्धा कडू लागला.

दुसऱ्या दिवशी ते उजवा हात झोळीत अडकवून कचेरीत गेले. साहेबांनी आत बोलावलं.

"हात कसा आहे?"

"बरा आहे, सर." आणि घाबरलेला माणूस नको ते विचारतो, तसं त्यांनी विचारलं, "भंडारा कसं होतं, सर?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "वारा चांगला होता," ते म्हणाले.

मग साहेबांनी खणातून तीच कार्बन प्रत काढून त्यांच्या हातात दिली. भाताची शितं अजून चिकटलेली, वर लाल शाईत 'रजा मंजूर'.

"पतंग माझ्याकडेच राहील. कालच बाबारावांकडून नीट करून आणली, आता सरळ उडते. त्यांचा निरोप आहे तुम्हाला: 'अर्ज झकास, ठिगळ भंगार!'"

"आणि सर, ती हेडक्लार्कची..."

"शिफारस पाठवली. पण भंडाऱ्याची कुठे नोंद राहायला नको!"

संध्याकाळी मधुसूदनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा एका अर्जाची प्रत बंबात टाकली. उजव्या हाताने!