माणिकबाईंच्या हातातला दिवा

"चित्र पाहाले नजर लागते, चंद्रभान! अन् ते आपल्यापाशी हाये!" मूर्तिजापूरकडचे नत्थुजी दिवाणखान्यातल्या चित्रांकडं पाहत छाती फुगवून म्हणाले.

नत्थुजींनी तोवर चित्रं पाहिली होती ती देवळाच्या भिंतीवरची, तीही पोपडे धरलेली. पण त्या साली दूर देशी लढाई पेटली होती, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि भावाबरोबर माणसाला अक्कलही चढते! अमरावतीत कापूस विकला तेव्हा दलाल गोवर्धनजी म्हणाले होते, "संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात गाणं हाये. दोघंही या."

गावातल्या शेजारच्या चंद्रभानला घेऊन नत्थुजी कोऱ्या पागोट्यात जाऊन बसले. दिवे लागले, गवयानं आलाप सुरू केला, पण यांचे डोळे भिंतींवर!

"हा सायेब पाह्य. कुत्रे गुबगुबीत, अन् सायेब कापसाची वाळलेली पऱ्हाटी! घरचं जेवण कुत्रेच खात असतीन!"

"हळू बोला ना जी!"

"अन् हे जहाज? चितारी जलमात पाण्यात उतरला नसन!"

गवयानं एक डोळा उघडून पाहिलं. चंद्रभाननं लाजून दोन्ही मिटले, आणि त्याला डुलकी लागली.

कोपऱ्यातल्या चित्राशी मात्र नत्थुजींची जीभ थांबली. दारात एक बाई उभी होती, हातात दिवा, खांद्यावरून घसरलेला पदर थेट ज्योतीवर! वाऱ्यानं छताच्या काचेच्या हंड्या हलत होत्या, उजेड थरथरत होता, आणि चित्रातली ज्योतही. बाहेर आवारात रुईच्या गासड्यांची रास! कापूसवाल्याच्या पोटात आगीचं भय कायमचंच.

"अवो बाई, पदर सांभाळा! पेटून राह्यला!"

चंद्रभान दचकून उठला आणि "आग! आग!" करत सुटला. तबलजी तबला टाकून पळाला, नोकर गासड्यांकडे धावले, गवई लोडामागे! नत्थुजींनी पिण्याच्या पाण्याची घागर उचलली आणि भस्सकन चित्रावर ओतली.

आग काही विझली नाही. बाई विझली. कागदावरचे पाण्याचे रंग होते ते, वर काचही नाही! चेहरा, दिवा, पदर, सगळ्याचा एकच गढूळ ओघळ जाजमावर आला.

गोवर्धनजी जवळ आले. ओल्या कागदाला बोट लावून म्हणाले, "आमची घरवाली हे, माणिक. मागच्या देवीच्या साथीत गेली. चितारीबी आता राह्यला नाई."

नत्थुजींना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. काहीतरी करावं म्हणून त्यांनी पागोटं सोडलं आणि कागद टिपायला लागले. उरलंसुरलं नाक पागोट्यावर आलं!

"राहू द्या," गोवर्धनजी म्हणाले.

"माफी करा जी. मले खरीच बाई वाटली."

"खरी वाटली?"

"वाटली म्हणून तं धावलो!"

गोवर्धनजी गादीवर टेकले. "लोकं येतात, पान खातात, गाणं आयकतात. तिच्याकडं कोनी धड पाह्यलं नाई." मग जाजमावरच्या ओघळाकडं पाहत म्हणाले, "पदर असाच पडे तिचा. मीबी असाच वरडो."

आता नत्थुजींना रडू आवरेना. एवढा मोठा माणूस, पोरासारखा हुंदके देऊ लागला. गोवर्धनजींनाच त्यांची पाठ थोपटावी लागली!

सकाळी बैल जुंपले. अर्धी वाट नत्थुजी पागोट्यावरचा डाग पाहत राहिले. शेवटी चंद्रभाननंच विचारलं, "गावात काय सांगाचं जी?"

"सांगजो," नत्थुजी म्हणाले, "गाणं चांगलं झालं."